शेणखत, निंबोळी पेंड आणि चमचाभर युरिया

खताच्या पिशवीवरचे तीन आकडे आधी वाचावेत : नत्र, स्फुरद, पालाश, याच क्रमाने. १९:१९:१९ मध्ये तिन्ही सारखे. डीएपी १८:४६:०, म्हणजे पालाश अजिबात नाही. युरियात ४६ टक्के नत्र आणि दुसरं काहीच नाही. म्हणून नुसत्या युरियावरचं वांगं उंच, हिरवंगार वाढतं. फुलं कमी धरतात आणि मावा हमखास येतो.

*

किलोभर शेणखतात नत्र जेमतेम ५ ग्रॅम. तेवढं ११ ग्रॅम युरियातही मिळतं. तरी माझ्या बागेत पहिला मान शेणखताचाच. त्यातलं नत्र महिनोन् महिने थोडंथोडं सुटत राहतं, आणि सोबतच्या सेंद्रिय कर्बामुळे माती भुसभुशीत राहते, ओल धरते. युरिया विरघळला की दोन जोरदार पाण्यांत बराचसा कुंडीच्या भोकातून निघून जातो.

मात्र रासायनिक म्हणजे विष, हे मला मान्य नाही. मूळ नत्र घेतं ते मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात, मग ते गोठ्यातून आलेलं असो की कारखान्यातून. माती सांभाळायची शेणखताने, आणि ऐन फळधारणेत मिरची-टोमॅटोला भूक लागली की विद्राव्य खत मोजून द्यायचं. यात कसलाही अधर्म नाही.

*

शेणखत घेताना पोत्याच्या तळातून मूठभर काढून बघावं. मुरलेलं खत काळपट असतं. त्याला शेणाचा वास येत नाही, ओल्या मातीचा येतो. मुठीत दाबलं की गोळा होतो आणि बोट लावताच फुटतो. त्यात तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळलेली पांढरी जाड अळी दिसली तर ती बहुधा हुमणी. ती मुळं खाते. तसलं पोतं घेऊ नये. कच्चं शेण तर नकोच. ते कुंडीत कुजताना तापतं आणि कोवळी मुळं जळतात.

*

कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ आपल्या होळकरांच्या इंदूरची. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या संशोधन संस्थेत ती बसवली : काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर, मधूनमधून ढीग परतायचा, तीनेक महिन्यांत खत तयार. स्वयंपाकघरातल्या बादलीलाही तोच नियम लागू. घाण वास येतो तो ओलं जास्त आणि सुकं कमी पडल्यामुळे. भाजीच्या देठांवर दरवेळी मूठ-दोन मुठी वाळका पाला हवाच.

*

खालची जुनी पानं पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत हे फार दिसतं. लोह मातीत असतं, पण झाडाला घेता येत नाही. अशा मातीत चुलीची राख टाकली तर दुखणं वाढतं. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला मात्र तीच राख मानवते.

*

राख आणि युरिया एकत्र घालू नये. नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

*

टोमॅटो बुडाशी काळा पडला की अंड्याची टरफलं टाकतात. ती विरघळायला फार काळ लागतो, आणि बऱ्याचदा चूक पाण्याची असते. एक दिवस कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी तुडुंब, अशा कुंडीत कॅल्शियम फळापर्यंत पोचतच नाही. आधी पाणी नियमित करावं.

*

कुंडीत १९:१९:१९ द्यायचं तर लिटरला २ ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, आणि माती आधी ओली करून. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला तर क्षार साचलेत. खत थांबवून भरपूर साधं पाणी सोडावं.

*

गवार, चवळी, घेवडा यांना युरिया नको. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात, आयतं मिळालं की गाठी कमी होतात. लावताना रायझोबियम बियाण्याला चोळावं.

*

पेंडींमध्ये मी निंबोळी निवडते. नत्र साधारण ५ टक्के, शिवाय सूत्रकृमींना आळा. एरंडीची पेंडही खत म्हणून उत्तम, पण तिच्यात रिसिन हे विष असू शकतं आणि कुत्री ती वासाने उकरून खातात. घरात कुत्रा असेल तर एरंडी आणूच नये.