अब्बांची अकरा मिनिटं

आम्ही दोघे भाऊ मंगरूळपीरचे. एकाच गावात दादा हयात कलंदर यांचा दर्गा आणि बिरबलनाथांचं मंदिर. म्हणून कुणी मंगरूळपीर म्हणतं, कुणी मंगरूळनाथ. १९९८ साली अकोल्यापासून वाशिम जिल्हा वेगळा झाला, पण अब्बांचं शिलाईचं दुकान होतं तिथंच राहिलं.

२००२ साली आम्ही लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्याकडून हॅन्डीकॅम मागून आणला. गुजरातच्या दंगलीनंतरचे दिवस होते. टीव्हीवर मुसलमान दिसायचा तो बहुधा नमाजाच्या रांगेत, पाठमोरा. आमचे अब्बा हिंदू नवरदेवांचे कोट शिवतात, हे आम्हाला जगाला दाखवायचं होतं. एकानं कॅमेरा धरला, दुसऱ्यानं प्रश्न विचारले.

अब्बा म्हणाले, "पहले चाय तो पियो."

आम्ही म्हणालो, "बाद में, अब्बा. बोलिये, हम सब भाई-भाई हैं."

ते मुकाट्यानं बोलले. अकरा मिनिटं आम्ही सांगू ते बोलत राहिले. आम्हाला वाटलं, आपण मोठं काम केलं.

पुढे आम्ही दोघेही शिक्षक झालो. मुलांना माहितीपट दाखवू लागलो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर या प्राध्यापक दांपत्यानं माहितीपट शिकवण्यात आणि करण्यात उभी हयात घालवली. त्यांचा २००३ सालचा 'नाता' आम्ही पाहिला. धारावीतले भाऊ कोरडे आणि वकार खान हे दोन मित्र. १९९२-९३ च्या दंगलीनं होरपळलेल्या वस्तीत शांततेसाठी मोहल्ला कमिटीत झटणारे. पण आम्हाला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. हे प्राध्यापक तेच अवघड प्रश्न स्वतःलाही विचारत होते. दुसऱ्याकडे रोखलेला कॅमेरा त्यांनी स्वतःकडेही वळवला होता.

मग त्यांचा २०११ चा 'सो हेड्डान सो होड्डान' पाहिला. त्यात कच्छचे उमर हाजी सुलेमान आहेत. एकेकाळी गुरं राखणारा हा माणूस शाह अब्दुल लतीफ भिटाईंच्या काव्यावर एखाद्या आलिमासारखा बोलतो. तो बोलतो आणि कॅमेरा ऐकतो. त्याच्या तोंडी कुणी काही घालत नाही.

त्या रात्री आम्ही जुनी टेप काढली. अब्बांना जाऊन तोवर दोन वर्षं झाली होती. पडद्यावर अब्बा होते, पण बोलत होतो आम्हीच. कापडाची पारख, उधारीची वही, दंगलीच्या बातम्या ऐकून रात्री दुकान बंद करताना वाटलेली धास्ती, यातलं आम्ही काहीच विचारलं नव्हतं. मुसलमानाला साच्यात बसवल्याबद्दल टीव्हीवाल्यांना बोल लावणारे आम्ही, आमचा साचाही तयारच होता. फक्त तो चांगुलपणाचा होता.

शेवटी कॅमेरा बंद झालाय असं समजून अब्बा म्हणतात, "अब चाय बोलूं?"

अकरा मिनिटांतलं त्यांचं स्वतःचं वाक्य तेवढं एकच.

आता दरवर्षी मुलांना आम्ही ही टेप दाखवतो, आमची चूक म्हणून. आणि सांगतो, पहिल्या दिवशी कॅमेरा घरी ठेवून जा. ज्याच्याकडे जाल त्याच्याजवळ बसा. त्यानं चहा विचारला तर नाही म्हणू नका.