साडेसोळा फुटांना चार माणसं

सेकंड इयरच्या सर्व्हे प्रॅक्टिकलला आमच्या ग्रुपमध्ये चौघंजण. एक लेव्हलमधून बघणारा, एक फील्डबुक लिहिणारा, एक टेपवाला. चौथा स्टाफ धरणारा, म्हणजे मी. सगळ्यात बिनडोक काम! त्या दिवशी लेव्हल काही केल्या क्लोज होईना. तिघांनी भर उन्हात सगळं पहिल्यापासून केलं. मी गप्प. का, ते शेवटी सांगतो.

परवा लायब्ररीत इंग्लंडच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक सहज चाळत होतो. नवव्या शतकात व्हायकिंग लोक नद्यांतून नावा घालून थेट देशात घुसायचे. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड (871 ते 899) याने मग जागोजागी तटबंदीची ठाणी उभारली. त्यांना म्हणत 'बर्ह'. त्याचा मुलगा एडवर्ड याने हे काम पुढे नेलं. त्या काळातली अशा तीसेक ठाण्यांची एक यादी आजही उपलब्ध आहे, 'बर्गल हायडेज'. त्यातला हिशोब बघा : 'हाइड' म्हणजे जमीन आकारणीचं एकक. दर हाइडमागे एक माणूस. दर पोल तटाला, म्हणजे साडेसोळा फुटांना, चार माणसं!

साडेसोळा फूट वाचलं आणि मी ताडकन उठून बसलो. आपली गुंटर चेन 66 फुटांची, हा तिचा बरोब्बर चौथा भाग. सातबाऱ्यावरच्या गुंठ्याची बाजू 33 फूट, म्हणजे दोन पोल! आणि हिशोब नुसता कागदी नाही. विंचेस्टरला 2400 हाइड, म्हणजे 600 पोल, 9900 फूट. तिथल्या जुन्या रोमन तटाची लांबी याच्याशी जुळते, फरक एक टक्क्याहूनही कमी. आमचं लेव्हलिंग एवढं जुळलं असतं तर!

याच यादीत 'शेफ्टसेज' नावाचं एक ठाणं आहे, 1000 हाइडचं. गणित करा : 250 पोल, 4125 फूट, सव्वा किलोमीटर तट. हे ठाणं कुठलं? कुकहॅमजवळ थेम्स नदीत सॅशेस नावाचं बेट आहे, ते हेच, असं अभ्यासक मानतात. नदी ओलांडायची जागा आणि नदीतली वाट, दोन्हींवर तिथून पहारा. आज बेटावर तट दिसत नाही. माती मातीला मिळाली. उरला तो माणसांचा हिशोब.

आणि माणसं नसली तर? 892 साली व्हायकिंगांची मोठी फौज केंटमध्ये उतरली. नदीतून आत गेली, तर वाटेत एक ठाणं लागलं. अर्धवट बांधलेलं, आत मूठभर शेतकरी. ते त्यांनी घेतलंच.

हे वाचून मी पुस्तक मिटलं. तटावर चौथ्याचं कामही बिनडोकच असणार. नुसतं उभं राहायचं. पण तो चहाला गेला की तेवढ्या साडेसोळा फुटांत तीनच उरतात.

तर मित्रहो, ग्रुपमधल्या तुम्हा तिघांना सांगायचं ते हे : त्या दिवशी चेंज पॉइंटवरून स्टाफ उचलून मी टपरीवर जाऊन आलो होतो. परत आल्यावर अंदाजाने ठेवला. चूक इन्स्ट्रुमेंटची नव्हती, माझी होती.

या रविवारी चहा माझ्याकडून. चौघांचा.