शिकवणारीनं कुठवर शिकायचं?

माझी धाकटी जाऊ धानोरा तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. शिक्षण दहावी. मी बी.ए., आणि चंद्रपुरात एका खासगी बालवर्गात रोज तीन तास शिकवते. घरात 'शिकलेली' म्हणून मान माझा. पण लहान मुलांना कसं शिकवावं याचं प्रशिक्षण घेतलंय ते तिनं! माझी नुसती पदवी पुरली.

सेविकेच्या नव्या भरतीला आता बारावीची अट आहे. पूर्वी दहावीवर भागायचं, आणि आदिवासी भागात शिकलेली बाई मिळेना की तीही अट सैल व्हायची. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं बारावी झालेल्या सेविकांसाठी 6 महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुचवला, कमी शिकलेल्यांसाठी 1 वर्षाची पदविका. तीही नोकरी सांभाळून, दूरशिक्षणानं, मोबाईलवर.

जाऊबाई म्हणाली, "शिकीन जी ताई! पण रेंज कुठं येते? झाडावर चढू काय?"

हसू आलं, पण प्रश्न खरा आहे. रोवणीच्या दिवसांत आया पोरं सोपवून सकाळीच बांधीत उतरतात. घरी फक्त गोंडी ऐकलेलं पोर रडायला लागलं, की ती आधी गोंडीत समजावते, मग हळूच मराठी शब्द देते. चिंचोक्यांवर मोजायला शिकवते. हे कोणत्या गुणपत्रिकेत दिसतं? म्हणून सवलत हवीच.

पण मैत्रिणींनो, नुसत्या मायेनंही भागत नाही. कोणत्या मुलाला ऐकू कमी येतं, तीन वर्षांच्या मुठीत पेन्सिल का कोंबू नये, हे शिकावंच लागतं. सवलत कायमची झाली तर 'जंगलातल्या पोरांना एवढंच पुरे' असा तिचा अर्थ होतो.

1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ आधी साध्या शिक्षिका होत्या. पदवी त्यांनी पन्नाशीनंतर घेतली. पदवीसाठी काम थांबलं नाही, नि कामासाठी शिकणंही.

तेव्हा दारात सवलत द्या, पण आत शिकणं सक्तीचं करा. वर्ग तालुक्याच्या गावी घ्या, भरपगारी रजा द्या, गोंडी जाणणारी शिक्षिका द्या.

आणि आपण? बालवर्गात मूल घालताना फी, गणवेश, रिक्षा सगळं विचारतो. "बाईंनी प्रशिक्षण घेतलंय का?" हेही विचारा. खुशाल माझ्या वर्गात येऊन विचारा. यंदा मीही पदविकेचा अर्ज भरलाय.