कॅरोलाइन क्वाइनरचा माग

पुरुषाचा कुलवृत्तान्त शोधू जाता संशोधकाला एक आडनाव बहुधा पुरते. स्त्रीच्या बाबतीत ते मध्येच हातून सुटते, आणि पुढचा माग पित्याच्या अथवा पतीच्या कागदांतून काढावा लागतो. लॉरा इंगल्स वाइल्डरच्या ‘लिटल हाउस’ कादंबरीमालेतील शांत, सोशिक आई जगभरच्या वाचकांना परिचित आहे; परंतु दप्तरातील कॅरोलाइन लेक क्वाइनर हिच्याशी तिची गाठ घालणे तितके सोपे नाही.

कॅरोलाइनचा जन्म १८३९ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये झाला. १८४० च्या अमेरिकी खानेसुमारीत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव नोंदविले जाई. बायकामुले वयोगटांच्या रकान्यांत नुसते आकडे होऊन राहत. घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव लिहिण्याची पद्धत १८५० मध्ये आली. (गुलामांच्या वाट्याला तेव्हाही नाव आले नाही.) तोवर तिचे वडील १८४५ मध्ये मिशिगन सरोवरात बुडून वारले होते आणि आईने पुनर्विवाह केला होता. १८६० मध्ये तिने चार्ल्स इंगल्सशी विवाह केला. क्वाइनरांच्या तीन भावंडांची लग्ने इंगल्सांच्या तीन भावंडांशी झाल्याने वंशावळीचा गुंता आणखी वाढतो.

पुढची वीस वर्षे फिरतीची. कॅन्ससमधील वास्तव्य लॉराने इंडिपेंडन्स गावापासून चाळीस मैलांवर कल्पिले. कॅरी या मुलीचा जन्म मात्र कौटुंबिक बायबलात माँटगोमेरी परगण्याच्या नावे नोंदलेला आहे. अभ्यासकांनी निश्चित केलेली जागा गावापासून जेमतेम तेरा मैलांवर निघाली. ती भूमी मुळात ओसेज लोकांची होती, हेही सांगितले पाहिजे. डाकोटातील जमिनीचा दावा अर्थातच पतीच्या नावे.

कादंबरीमालेत चार मुली आहेत. प्रत्यक्षात एक मुलगाही होता. चार्ल्स फ्रेडरिक १८७५ च्या नोव्हेंबरात मिनेसोटात जन्मला आणि पुढल्या ऑगस्टमध्ये, पुरते दहा महिनेही न जगता, गेला. टोळांनी पिके फस्त केल्याने कुटुंब पूर्वेकडे, आयोवाच्या वाटेवर होते. १९३७ आणि १९३९ च्या दोन कादंबऱ्यांच्या मधल्या फटीत हा काळ आणि हे मूल दोन्ही नाहीसे झाले आहेत. लॉराने १९३० मध्ये लिहिलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात मात्र त्याचा मृत्यू येतो. सतत पश्चिमेकडे झेपावणाऱ्या कथेत माघारीचे ते वर्ष बसणारे नव्हते. कलादृष्ट्या ही गाळणी समजण्याजोगी आहे. मात्र तिची किंमत आईच्या व्यक्तिरेखेने मोजली. ज्या स्त्रीने प्रवासात मूल पुरले, तिचा संयम कादंबरीत निव्वळ स्वभावगुण ठरतो.

१८९० च्या खानेसुमारीचे बहुतांश कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधील आगीच्या घटनेनंतर नाहीसे झाले, त्यामुळे १८८० नंतर संशोधक थेट १९०० वर येतो. या खानेसुमारीने मातांना दोन प्रश्न विचारले होते: अपत्ये किती झाली, आणि हयात किती? कॅरोलाइनपुरते खरे उत्तर पाच आणि चार असे होते.