शिल्लक
तापातून उठलो आणि सावेडीतल्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या जुन्या वह्या चाळत बसलो. लेखापरीक्षण तोंडावर आलंय. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला हिशेब चोख ठेवावेच लागतात. जमेला वर्गणी, स्मरणिकेच्या जाहिराती. खर्चाला नेपथ्याचा टेम्पो, रंगभूषा, माउली सभागृहाचं भाडं. राज्य नाट्य स्पर्धेत उतरलो त्या वर्षी हात सैल, पुढच्या वर्षी आखडता. एका पानावर शिल्लक शून्य आणि खाली पेन्सिलीने पुढच्या तालमीची तारीख. बोट तिथेच थबकलं. कुणी लिहिली असेल? पैसे नसताना तारीख ठरवणारी माणसं मला फार मोलाची वाटतात. म्हणून सांगतो, नाटक आवडत असेल, तर पास मागू नका. तिकीट काढून या.