दार लावले, पण घर उघडेच!

रात्री निजण्यापूर्वी गृहिणीची घरभर एक फेरी ठरलेली असते. गॅसचा कॉक बंद आहे ना, मागच्या दाराला कडी लावली ना, बाल्कनीचे दार नीट बसले ना, हे पाहिल्याशिवाय तिला झोप येत नाही. दिवाणखान्यातल्या वायफायच्या पेटीकडे मात्र कुणी वळूनही पाहत नाही. तिचे इवलेसे दिवे लुकलुकत असतात, म्हणजे सारे ठीक आहे असे सगळे धरून चालतात. खरे तर ती पेटीही घराचे एक दारच आहे. अनेक घरांत हे दार कंपनीच्या माणसाने पहिल्या दिवशी जसे लावून दिले, तसेच वर्षानुवर्षे राहते.

पेटी घरात असली तरी तिच्या लहरी भिंत मानत नाहीत. शेजारच्या बिऱ्हाडात, जिन्यात, खाली उभ्या असलेल्या मोटारीतही त्या पोहोचतात. पासवर्ड ज्याला ठाऊक, त्याला ही पेटी घरचाच माणूस समजते.

‘कुणी चार गाणी फुकट ऐकली तर आपले काय जाते?’ असे अनेकांना वाटते. त्यांनी २००८ सालची घटना आठवून पाहावी. २६ जुलैला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणाला मुकली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईतल्या सानपाड्यात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या दारी. त्याची चौकशी झाली, त्याचे संगणक तपासले गेले. अखेर निष्पन्न झाले ते एवढेच, की त्याच्या घरचे वायफाय उघडे होते आणि कुणी तिऱ्हाइताने ते वापरून तो मजकूर पाठवला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाचे आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरमधल्या एका कंपनीचे वायफाय अशाच ई-मेलसाठी वापरले गेले.

असे का होते? इंटरनेटच्या जगात पत्ता असतो तो जोडणीचा, माणसाचा नव्हे. एकाच पेटीतून घरातल्या चौघांनी आणि बाहेरच्या पाचव्याने काही पाठवले, तरी बाहेरून पाहणाऱ्याला पत्ता एकच दिसतो. ज्याच्या नावावर बिल येते, त्याचा!

आज पूर्णपणे उघडे वायफाय क्वचितच आढळते. नव्या पेट्या कुलूप लावूनच येतात. प्रश्न आहे तो कुलपाच्या प्रतीचा. १९९७ साली आलेले डब्ल्यूईपी हे पहिले कुलूप २००१ मध्येच तज्ज्ञांनी कच्चे ठरवले. २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. ही नवी कुलुपे चांगलीच भक्कम आहेत, पण किल्लीच पायपुसण्याखाली ठेवली तर कुलपाने काय करायचे?

सर्वांत लाडकी किल्ली म्हणजे स्वतःचा मोबाइल नंबर. २०२१ साली इस्रायलमधल्या तेल अवीव शहरात एका सुरक्षातज्ज्ञाने रस्त्यांवर फिरून सुमारे ५,००० वायफाय जोडण्यांची माहिती टिपली आणि त्यांपैकी जवळजवळ ७० टक्के पासवर्ड शोधून काढले. त्यांतले बरेचसे मोबाइल नंबरच होते. आपल्याकडचा हिशेबही सोपा आहे. दहा आकडी नंबर, पहिला आकडा सहा ते नऊ, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, पण गेमिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या चांगल्या संगणकाला तेवढे नंबर ताडून पाहायला काही तास पुरतात. त्यासाठी त्या माणसाला दाराशी ताटकळत उभेही राहावे लागत नाही. डब्ल्यूपीए-२ मध्ये फोन आणि पेटी यांच्यातली ओळखपाळख एकदा टिपली, की उरलेले काम तो स्वतःच्या घरी बसून करतो.

उगाच घाबरूनही जाऊ नये. आत शिरलेल्याला बँकेचे व्यवहार सहजासहजी वाचता येत नाहीत, कारण बँकेची संकेतस्थळे आपला मजकूर वेगळ्या कुलपात पाठवतात. धोका असतो तो घरातल्या कॅमेऱ्याला, टीव्हीला आणि खुद्द पेटीला. पेटीच्या आतल्या मांडणीला स्वतंत्र पासवर्ड असतो आणि अनेक घरांत तो कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने असे साठेक ठरावीक पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. मुलगा परदेशी आणि घरात म्हातारे आईवडील, म्हणून काळजीपोटी कॅमेरे बसवणारी कुटुंबे आज थोडी नाहीत. तोच कॅमेरा परक्याचा डोळा झाला, तर त्या काळजीला काय अर्थ उरला?

सर्वांत अवघड गाठ मात्र तांत्रिक नाही, नात्यांची आहे. ‘काकू, आमचं नेट गेलंय, उद्या परीक्षेचा फॉर्म भरायचाय. तुमचा पासवर्ड द्या ना!’ असे शेजारच्या मुलाने विचारले, तर नाही कोण म्हणेल? ज्या घराने वाटीभर साखर कधी नाकारली नाही, त्याला हा नकार कंजूषपणाचा वाटतो. पण साखर दिली की संपते. पासवर्ड एकदा दिला, की तो त्या फोनमध्ये राहतो, मित्रांच्या फोनमध्ये जातो आणि मुलाने घर बदलले तरी मागे उरतो.

यावर बहुतेक नव्या पेट्यांत एक छान सोय असते, ती म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड. शेजारी, नातेवाईक, घरचा कॅमेरा आणि टीव्ही यांना त्यावर ठेवावे. घरच्या मंडळींचे फोन आणि संगणक मुख्य जोडणीवर असावेत. पाहुण्यांचा पासवर्ड दर महिन्याला बदलला तरी कुणाचा मान दुखावत नाही. मात्र बाहेरच्याने काही गैर पाठवले, तर पत्ता घराचाच दिसतो. तेव्हा तोही पासवर्ड विश्वासातल्या माणसालाच द्यावा.

मुख्य पासवर्ड लांबलचक असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले, तर ते लक्षातही राहतात. पेटीच्या आतला पासवर्ड आठवणीने बदलावा. बटण दाबून किंवा आकडी पिन देऊन जोडण्याची डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद ठेवावी. तिच्या आठ आकडी पिनमधली खोट २०११ सालीच उघड झाली आहे. पेटीचे अंतर्गत सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत, ती यादी अधूनमधून पाहावी. नाव लपवून ठेवल्याने मात्र चोर फसत नाही. साध्या साधनांनीही ते दिसते.

या सगळ्याला अर्धा तास लागतो आणि पैसा एकही लागत नाही. तरीही अनेक घरांत हे काम ‘मुलगा आला की बघेल’ या सदरात पडून असते. मुलगा दिवाळीला येतो, चार दिवस राहतो आणि निघून जातो. जोडणी असते निवृत्त वडिलांच्या नावावर. उद्या कुणी विचारायला आलेच, तर दार त्यांनाच उघडावे लागेल.