पहिला तंबोरा घेताना

वस्तीतल्या गाणे शिकणाऱ्या मुलींसाठी वर्गणीतून तंबोरा घ्यायचे ठरले, तेव्हा आम्ही विट्याहून तासगावमार्गे मिरज गाठली. तिथले शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

स्वस्त म्हणजे वाईटच, असे नाही. नक्षी कमी, पॉलिश साधे, एवढ्यानेही किंमत उतरते. नक्षी कुठे गाते? भोपळा आधी पाहावा. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, वरून रंगवल्यामुळे चीर झाकली जाते. हलकी टिचकी मारावी. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला, तर खाली ठेवावा. दांडी एका डोळ्याने न्याहाळावी.

खरी कसोटी खुंट्यांची. चारही तारा जुळवून पाव तास बसावे, दुकानदार घाई करील तरी. नव्या तारा थोड्या ताणतातच. पण खुंटीच आपोआप फिरत असेल, तर तो तंबोरा नको. त्यावर शिकणारी मुलगी सूर हलला की आपलाच गळा वाईट समजते आणि गाणे सोडते. वर्गणीपेक्षा ते नुकसान मोठे.

घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला की झंकार खुलला पाहिजे. नाही खुलला तर जवारी काढून मागावी. ते कारागिराचेच काम, घरी कानस चालवू नये. आणि गवसणी त्याच पैशात मागून घ्यावी, परत एस.टी.नेच यायचे असते.